पॅसिफिकवरून न परतलेली माणसं

अमेरिकेच्या बॉम्बफेक सर्वेक्षण मंडळाने जुलै १९४६ मध्ये पॅसिफिक युद्धाचा सारांश-अहवाल सादर केला. विमानांच्या नुकसानीचा हिशेब त्यात काही ओळींतच उरकलेला आहे, पण या ओळी युद्धाच्या रूढ चित्राला चांगलाच धक्का देतात. या युद्धात अमेरिकेची सुमारे २७,००० विमानं गेली. त्यांतली प्रत्यक्ष लढाईत गेली ती ८,७००. उरलेली प्रशिक्षणात, एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवताना किंवा लढाईबाहेरच्या अशाच कारणांनी गेली. जपानची सुमारे ५०,००० विमानं गेली. त्यांतली २०,००० लढाईत, १०,००० प्रशिक्षणात आणि २०,००० इतर कारणांनी. दोन्ही बाजू मिळून पाऊण लाखाहून अधिक विमानं नष्ट झाली आणि त्यांतली निम्म्याहून कितीतरी जास्त शत्रूने पाडलेलीच नव्हती. मराठी वाचकाला दुसरं महायुद्ध मुख्यतः युरोपातून भेटलं, वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’सारख्या पुस्तकांतून भेटलं. पॅसिफिकचं नाव निघालं की पर्ल हार्बर आणि हिरोशिमा ही दोन टोकं आठवतात आणि मधली पावणेचार वर्षं धूसर राहतात. ती वर्षं समजून घ्यायची तर कोणी कोणाची किती विमानं पाडली याची यादी पुरत नाही. विमानात बसलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे पाहावं लागतं. या युद्धाचा निकाल बऱ्याच अंशी तिथे लागला, असं माझं म्हणणं आहे आणि विमानहानीच्या नोंदींची ही प्रस्तावना त्यासाठीच लिहिली आहे.

लढाईबाहेर इतकी विमानं का गेली, याचं पहिलं उत्तर भूगोलात आहे. न्यू ब्रिटन बेटावरच्या रबौलहून ग्वाडलकनाल सुमारे हजार किलोमीटर दूर. जपानी वैमानिक एवढं अंतर समुद्रावरून कापत, तिथे काही मिनिटं लढत आणि तेवढंच अंतर कापून परतत. ७ ऑगस्ट १९४२ रोजी साकाई साबुरो या नामांकित वैमानिकाच्या डोक्याला गोळी लागली आणि उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तशाच अवस्थेत, वाहत्या रक्तानिशी, पावणेपाच तासांच्या आसपास एकट्याने विमान चालवत तो रबौलला उतरला. त्याची गोष्ट पराक्रम म्हणून सांगितली जाते आणि तो पराक्रम होताच. पण त्याच्याइतकी किंवा त्याहून कमी जखम झालेले किती जण त्या हजार किलोमीटरांच्या पाण्यात उतरले असतील, याचाही विचार व्हायला हवा. न्यू गिनीत दुसरीच अडचण होती. पोर्ट मोर्सबीहून उत्तरेला जायचं तर ओवेन स्टॅन्लीची चार हजार मीटरपर्यंत चढणारी रांग ओलांडावी लागे. सकाळी मोकळ्या असलेल्या खिंडी दुपारपर्यंत ढगांनी भरून जात. त्या भागाचे नकाशे अपुरे होते आणि हवामानाचा अंदाज देणारी केंद्रं नावापुरती.

१६ एप्रिल १९४४ चा रविवार याचा सर्वांत कठोर पुरावा आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या पाचव्या हवाई दलाने हॉलंडियावर, म्हणजे आजच्या जयापुरावर, मोठा हल्ला केला. हल्ला यशस्वी झाला आणि शत्रूच्या हातून जवळपास काहीच नुकसान झालं नाही. परतीच्या वाटेवर मात्र ढगांची भिंत समोर उभी राहिली आणि नॅडझॅबसकट बहुतेक तळ तिच्या मागे गेले. इंधन संपत आलेल्या विमानांची किनाऱ्यावरच्या सैदोरच्या छोट्या धावपट्टीवर झुंबड उडाली. एकाच पट्टीवर विमानं दोन्ही टोकांकडून उतरू लागली, एकमेकांवर आदळू लागली. काही डोंगरांत गडप झाली, काही समुद्रात. दिवस मावळेपर्यंत तीन डझनांच्या आसपास विमानं आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली होती. त्या हवाई दलाच्या इतिहासात एका दिवसात इतकं नुकसान शत्रूने कधी केलं नव्हतं. मोहिमेच्या निकालात मात्र हा दिवस विजयाच्या बाजूलाच मांडला जातो.

दुसरं उत्तर यंत्रात आहे. बी-२९ हे त्या काळातलं सर्वांत प्रगत बॉम्बफेकी विमान पुरेशा चाचण्या होण्याआधीच युद्धात उतरवलं गेलं. त्याची राइट कंपनीची इंजिनं तापत आणि पेट घेत, आणि एकदा आग लागली की ती पंखापर्यंत पोचायला वेळ लागत नसे. या विमानाची पहिली युद्धमोहीम आपल्या बंगालमधून निघाली. ५ जून १९४४ रोजी खरगपूर आणि आसपासच्या तळांवरून ९८ बी-२९ बँकॉकच्या रेल्वे कारखान्यांवर हल्ल्यासाठी उडाली. पाच विमानं गेली, त्यांतलं एकही शत्रूच्या माऱ्याने नाही. पुढे मारियाना बेटांवरून जपानवर हल्ले सुरू झाले तेव्हाही हाच कल कायम राहिला. नेहमी उद्धृत होणाऱ्या हिशेबानुसार जपानवरच्या मोहिमांत ४१४ बी-२९ गमावली गेली आणि त्यांतली १४७च जपानी तोफांनी किंवा लढाऊ विमानांनी पाडलेली होती. प्रत्येक विमानात साधारण अकरा माणसं असत, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. लढताना मेलेला सैनिक आणि अपघातात मेलेला सैनिक यांना एका रकान्यात घालणं योग्य आहे का? अपघात शांततेच्या काळातही होतात. ते युद्धाच्या खात्यावर टाकले तर लढाईत जीव देणाऱ्यांचं मोल कमी होत नाही का? माझ्या मते ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी प्रत्यक्षात नसते. विमानविरोधी तोफेच्या माऱ्याने इंधनाची टाकी फुटली आणि विमान तीन तासांनी समुद्रात उतरलं, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? सलग मोहिमांनी थकलेला वैमानिक उतरताना चुकला, तर तो अपघात कोणाच्या नावावर? आणि मृत्यूचं कारण काहीही असो, तो माणूस तिथे युद्धामुळेच होता. याचं एक उदाहरण भारतीयांच्या जिव्हारी लागणारं आहे. सिंगापूर पडल्यावर पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांना जपान्यांनी १९४३ मध्ये न्यू गिनीत नेलं. जमादार चिंत सिंग यांच्या तुकडीतले, सेपिक नदीकाठी ऑस्ट्रेलियन सैन्याच्या हाती लागलेले, शेवटचे अकराच उरले होते. उपासमार, मारहाण, रोग या सगळ्यांतून ते वाचले होते. चिंत सिंग यांना युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्षीसाठी मागे ठेवलं गेलं. बाकीच्या दहा जणांना घरी पाठवण्यासाठी रबौलकडे नेणारं विमान नोव्हेंबर १९४५ मध्ये कोसळलं आणि ते दहाही गेले. युद्ध संपून तीन महिने झाले होते. या दहा मृत्यूंना युद्धाबाहेरचे म्हणायला मन धजत नाही, आणि तसं म्हणणं इतिहासाच्या दृष्टीनेही चूक ठरेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका आणि अडीचशेच्या घरात विमानं गमावली. तिथेच जपानचे कसलेले वैमानिक संपले आणि युद्धाचं पारडं फिरलं, असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं आढळतं. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली या इतिहासकारांनी जपानी कागदपत्रं तपासून ही समजूत खोडून काढली. मिडवेला जपानचे ११० वैमानिक आणि विमानातले सहकारी मेले. विमानं नौकांबरोबर बुडाली, पण बहुतेक वैमानिकांना शेजारच्या विनाशिकांनी उचलून घेतलं. उलट नौकांच्या पोटात काम करणारे सातशेहून अधिक विमान-मेकॅनिक जळून किंवा बुडून गेले. त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, वास्तविक उड्डाणाला सज्ज विमान त्यांच्याच हातून डेकवर येत असे. चार महिन्यांनी, २६ ऑक्टोबर १९४२ रोजी, सांताक्रूझ बेटांजवळ लढाई झाली. अमेरिकेची ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका बुडाली आणि रणांगण जपानच्या ताब्यात राहिलं. नौकांच्या हिशेबात जपान जिंकला. विमानांच्या हिशेबातही फार अंतर नव्हतं, जपानची ९९ आणि अमेरिकेची ८१. माणसांचा हिशेब मात्र वेगळंच सांगतो. जपानचे १४८ वैमानिक आणि सहकारी गेले, अमेरिकेचे २६. मिडवेच्या पराभवापेक्षा सांताक्रूझच्या विजयात जपानने जास्त प्रशिक्षित माणसं घालवली, आणि त्यांत तुकड्यांचं नेतृत्व करणारे अनुभवी अधिकारी होते. त्यानंतर सॉलोमन बेटांवर वर्षभर जी झीज चालली, तिने उरलेसुरलेही संपवले.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप कारखान्यांचा आहे. १९४४ या एका वर्षात अमेरिकेने ९६,००० विमानं बांधली. एवढ्या उत्पादनापुढे जपान कधीच टिकला नसता, मग वैमानिक किती मेले याला काय महत्त्व, असं विचारता येईल. उत्पादनाची ताकद नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच वर्षी जपाननेही २८,००० हून अधिक विमानं बांधली होती, त्याच्या इतिहासातली सर्वाधिक. विमानं होती, ती चालवणारी माणसं नव्हती. जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्रात नऊ विमानवाहू नौका घेऊन जपानी आरमार उतरलं, तेव्हा त्यांच्यावरच्या कित्येक वैमानिकांना जेमतेम काही महिन्यांचं शिक्षण मिळालेलं होतं. दोन दिवसांत नौकांवरची बहुतेक विमानं गेली. चारच महिन्यांनी लेतेच्या लढाईत अ‍ॅडमिरल ओझावा चार विमानवाहू नौका घेऊन आला, पण त्यांवर मिळून शंभरच्या आसपास विमानं होती आणि त्या नौकांचं काम शत्रूला आमिष दाखवणं एवढंच उरलं होतं. विमानवाहू नौकेला आमिष म्हणून पाठवावं लागतं, तेव्हा तुटवडा लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नसतो.

याच फिलिपीन समुद्राच्या लढाईत, २० जूनच्या संध्याकाळी, माणसं मोजणं म्हणजे काय ते अमेरिकेच्या बाजूने दिसलं. अ‍ॅडमिरल मार्क मिट्शर याने दिवस संपता संपता दोनशेहून अधिक विमानं लांबवरच्या जपानी आरमारावर सोडली. परत येताना अंधार होणार आणि इंधन संपणार हे त्याला ठाऊक होतं. लढाईत वीसच विमानं गेली, परतीत सुमारे ऐंशी. शत्रूच्या पाणबुड्यांचा धोका पत्करून त्याने नौकांचे दिवे लावायला सांगितले. जी विमानं पोचू शकली नाहीत त्यांतली सुमारे दोनशे माणसं रात्री समुद्रात उतरली. विनाशिका आणि समुद्री विमानं त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शोधत राहिली आणि त्यांतली तीन-चतुर्थांश माणसं जिवंत उचलली गेली. केवळ विमानं मोजली तर ही संध्याकाळ मोठ्या नुकसानीची, माणसं मोजली तर बचावाची. पाणबुड्यांचंही तेच. हल्ल्याच्या दिवशी ठरावीक ठिकाणी पाणबुडी पाण्यावर ठेवायची आणि पडलेल्या वैमानिकांना उचलायचं, अशी व्यवस्था अमेरिकेने उभी केली. युद्ध संपेपर्यंत पाणबुड्यांनी ५०४ वैमानिकांना वाचवलं. ‘टँग’ या पाणबुडीने एकाच फेरीत ट्रुकजवळ २२ जणांना वर घेतलं. सप्टेंबर १९४४ मध्ये चिचिजिमाजवळ ‘फिनबॅक’ने उचललेला वीस वर्षांचा जॉर्ज बुश पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच्या विमानातले दोन सहकारी वाचले नाहीत, हेही त्याच नोंदीत आहे.

शोध घेणं, वाचवणं ही श्रीमंत देशाची चैन होती, जपानला ती परवडणारी नव्हती, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे. पाणबुडी दिवसभर वाट पाहत ठेवायला इंधन लागतं, रेडिओ लागतात, फाजील नौका लागतात. पण जपानने जे गमावलं ते सगळं गरिबीमुळे गमावलं नाही. झिरो हे लढाऊ विमान हलकं राहावं, दूर जावं, म्हणून त्याला चिलखती पत्रा आणि गोळी लागल्यावर आपोआप मिटणाऱ्या इंधनटाक्या दिल्या नाहीत. हा आखणी करणाऱ्यांचा निर्णय होता. अमेरिका अनुभवी वैमानिकांना ठरावीक काळानंतर मागे बोलावून नव्यांना शिकवायला बसवत असे. जपान बहुतेकांना मरेपर्यंत आघाडीवर ठेवत असे. निशिझावा हिरोयोशी हा जपानचा अव्वल लढवय्या वैमानिक ऑक्टोबर १९४४ मध्ये गेला तो वाहतूक विमानातला प्रवासी म्हणून, हातात कुठलंही नियंत्रण नसताना. त्याच आठवड्यात आत्मघातकी हल्ल्यांचं पर्व सुरू झालं. त्यात सुमारे ३,८०० जपानी वैमानिक मेले. माणसाचं परत येणंच हिशेबातून काढून टाकलं की प्रशिक्षण कमी पुरतं, इंधन निम्मं पुरतं. राष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांनी आपल्याच तरुणांबाबत इतका निर्दय हिशेब मांडावा, याचा निषेध आज आठ दशकांनंतरही केला पाहिजे.

माणसं मोजण्याच्या पद्धतीचाही दुरुपयोग होतो आणि तो अमेरिकेनेच केला. इवो जिमा जिंकताना ६,८०० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. एवढी किंमत का मोजली, याचं समर्थन म्हणून एक आकडा पुढे करण्यात आला: या बेटामुळे २४,७६१ विमानसैनिकांचे प्राण वाचले. हा आकडा मोडून पाहिला तर त्यामागची रीत उघडी पडते. युद्ध संपेपर्यंत बी-२९ विमानं त्या बेटावर २,२५१ वेळा उतरली. २,२५१ गुणिले ११ म्हणजे २४,७६१. प्रत्येक उतरणं हे मरणाच्या दारातून परतणं होतं आणि बेट नसतं तर विमानातली अकराही माणसं मेली असती, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. रॉबर्ट बरेल या अमेरिकी मरीन अधिकाऱ्यानेच पुढे दाखवून दिलं की यांतली पुष्कळशी विमानं इंधन भरायला, सरावासाठी किंवा किरकोळ दुरुस्तीसाठी उतरली होती. शिवाय समुद्रात उतरलेल्या बी-२९ मधलीही बरीच माणसं वाचत होती, हे आपण आत्ताच पाहिलेल्या बचावव्यवस्थेचं यश. म्हणून नुसता आकडा पुढे करून भागत नाही, प्रत्येक आकड्यामागची नोंद तपासावी लागते.

ती नोंद कशी असे, ते पाहण्यासारखं आहे. १९४३ पासून अमेरिकी लष्करी हवाई दलाने बेपत्ता विमानासाठी एक छापील अहवाल सक्तीचा केला. विमान परतलं नाही की अठ्ठेचाळीस तासांत तो भरायचा. विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कुठून उडालं, कुठे जायचं होतं, हवामान कसं होतं, शेवटचं कोणी कुठे पाहिलं, विमानातल्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा, काम. त्याखाली इंजिनांचे क्रमांक आणि प्रत्येक मशीनगनचा क्रमांक. तळावरच्या कारकुनाला या रकान्यांचा कंटाळा आला असेल, पण आज जंगलात किंवा समुद्रतळाशी गंजलेलं इंजिन सापडलं तर त्यावरच्या क्रमांकावरून हेच कागद विमान ओळखून देतात. ११ मार्च १९४४ रोजी न्यू गिनीच्या हान्सा उपसागरात ‘हेवन कॅन वेट’ नावाचं बी-२४ अकरा माणसांसह पडलं. २०१७ मध्ये साठ मीटरांहून अधिक खोलीवर त्याचे अवशेष सापडले. २०२३ मध्ये अमेरिकी आरमाराच्या गोताखोरांनी दाबकक्षात आठवडेच्या आठवडे राहून तळाचा गाळ चाळला आणि २०२४ पर्यंत अकरांपैकी चौघांची ओळख पटली. सगळ्यांच्या बाबतीत हे होणार नाही. दुसऱ्या महायुद्धापासूनच्या युद्धांत बेपत्ता झालेले ८१,००० च्या आसपास अमेरिकी अजून सापडलेले नाहीत. त्यांतले तीन-चतुर्थांश हिंद-प्रशांत प्रदेशातले आहेत आणि ४१,००० हून अधिक समुद्रात गेले असं मानलं जातं. जपानची बाजू आणखी अंधारात आहे. शरणागतीच्या सुमारास जपानी लष्कराने आपली कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर जाळली आणि परदेशी भूमीवर व पाण्यात मेलेल्या त्यांच्या अकरा लाखांहून अधिक माणसांचे अवशेष आजही घरी आलेले नाहीत.

आणखी एक उणीव दोन्ही देशांच्या नोंदींत आहे. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी रबौलवरच्या हल्ल्याहून परतणारं एक बी-१७ इंधन संपल्याने न्यू गिनीतल्या अगाइंबोच्या दलदलीत उतरलं. नऊच्या नऊ माणसं वाचली आणि मलेरियाने खंगत, स्थानिक लोकांच्या मदतीने, पाच आठवड्यांनी पोर्ट मोर्सबीला पोचली. विमान तिथेच राहिलं, ‘दलदलीतलं भूत’ म्हणून जगभर गाजलं, २००६ मध्ये मोठा वाद ओढवून बाहेर काढलं गेलं आणि शेवटी पर्ल हार्बरच्या संग्रहालयात पोचलं. त्या विमानाचा क्रमांक, मॉडेल, मालकीचा इतिहास सगळं उपलब्ध आहे. ज्यांनी त्या नऊ जणांना दलदलीतून वाट दाखवली, खाऊ घातलं, त्यांची नावं मात्र त्या इतिहासात शोधावी लागतात. हे युद्ध या बेटवासीयांचं नव्हतं. त्यांच्या शेतांवर बॉम्ब पडले, त्यांच्या जंगलात विमानं कोसळली, आणि बेपत्ता माणसांचा शोध घ्यायला आजही तेच वाटाडे लागतात. विमानहानीचा कुठलाही ग्रंथ त्यांच्याशिवाय अपुरा राहील.

पुढे येणाऱ्या नोंदी वाचताना वाचकाने विमानाचा प्रकार आणि कोणी पाडलं या रकान्यांशी थांबू नये, अशी विनंती आहे. विमानात किती जण होते, किती परतले, न परतलेल्यांना शोधायला कोण गेलं आणि जमिनीवर त्यांना कोण भेटलं, हे प्रत्येक नोंदीला विचारावं. काही नोंदी याचं उत्तर देतील. ज्या देणार नाहीत, त्या इथे छापल्या आहेत म्हणून पूर्ण झाल्या असं कृपया समजू नये.